वाजवायचा शंख

बुद्धभूषणने कंपासपेटीतली छोटी पट्टी काचेच्या पेटीत वाळूवर टेकवली आणि सर बाहेर यायची वाट बघत तो गुडघ्यांवर बसून राहिला. झाकणाची काच त्याने अर्धीच सरकवली होती. पूर्ण सरकवली की आतली दमट हवा निघून जाते, आणि मग त्याची बायको मनीषा दारात येऊन उभी राहते. बोलत काही नाही. पूर्वी ती बोलायची तेव्हा तो वैतागायचा. आता तिने चार शब्द सुनावावेत म्हणून त्याने काच मुद्दाम उघडी टाकली असती, पण त्यात सरांचा जीव गेला असता.

आधी मिश्या बाहेर आल्या, मग दांड्यांवरचे काळे डोळे, आणि बऱ्याच विचारानंतर डावी मोठी नांगी. बुद्धभूषणने पट्टी जवळ नेली. नांगी पटकन मागे गेली, पण पुरती आत गेली नाही. शंखाच्या तोंडाशी अडकली आणि तशीच राहिली.

“किती?” मनीषाने ओट्यापासून विचारलं.

“पट्टी लावू देत नाहीत. पण वाढलेत. दार लागत नाही आता.”

“मी कधीचं सांगतेय.”

तिने कधीच सांगितलं नव्हतं. तरी त्याने मान हलवली.

सर म्हणजे खेकडा. शंखात राहणारा. याचं पोट मऊ असतं आणि ते झाकायला दुसऱ्या कुणीतरी सोडून गेलेला शंख लागतो. अंग वाढलं की शंख लहान पडतो, मग मोठा शोधायचा. मोठी नांगी हेच त्याचं दार. ती आत ओढून तोंड बंद करता आलं तर ठीक, नाही तर आतला ओलावा सुकतो. आणि ओलाव्यावर तर सगळा खेळ, कारण हा प्राणी जमिनीवर हिंडत असला तरी श्वास माशासारखा कल्ल्यांनीच घेतो. शंखात घोटभर पाणी सांभाळून फिरतो, म्हणून समुद्राबाहेर जगतो. हे सगळं नवरा-बायकोला मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कळलं होतं, आणि ते व्हिडिओ बघायला त्यांना सृष्टीने लावलं होतं.

सृष्टी त्यांची मुलगी. एका दिवाळीच्या सुट्टीत तिघं गुहागरला गेले होते, तेव्हा तिने हा प्राणी खाऊच्या डब्यात लपवून आणला. घाट चढून गाडी वर आल्यावर डबा आतून खुडखुडायला लागला आणि चोरी उघडी पडली. “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, हे तर खेकड्याचं निघालं,” बुद्धभूषण म्हणाला. तेवढ्यावरून पोरीने नाव ठेवलं, बिऱ्हाडे सर. तिला गणिताला बिऱ्हाडे नावाचेच सर होते, आणि तेही पाठीवर सॅक टाकून वर्गात तिरके तिरके शिरायचे म्हणे. मग घरात ‘सर जेवले का’, ‘सर रुसलेत’, ‘सरांना आंघोळ घाल’ असं सुरू झालं. शेजारच्यांना बरेच दिवस वाटत होतं की यांनी कुणी म्हातारा मास्तर सांभाळायला आणलाय.

पुढच्या पावसाळ्यात सृष्टी गेली. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. सहावीत होती.

त्यानंतरची ही दुसरी थंडी. मनीषाने बालवाडीतली नोकरी सोडली, मैत्रिणींचे फोन घेणं सोडलं, केसांना तेल लावणंही सोडलं. सर मात्र तिने सोडले नाहीत. रोज सकाळी ती पेटीतल्या दोन वाट्यांचं पाणी बदलायची, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. नळाच्या पाण्यात औषधाचा वास असतो, तो जावा म्हणून आदल्या दिवशीच भांडं उघडं ठेवायचं. खाऱ्या वाटीला घरातलं मीठ चालत नाही, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातलं समुद्राचं मीठ लागतं. खोबऱ्याचा तुकडा, उकडलेलं अंडं, चिमूटभर सुक्या कोळंबीचे सोडे. नाशिकची थंडी हाडात शिरायला लागली की पेटीवर बल्ब आणि भोवती जुनी शाल. हे सगळं ती इतक्या मन लावून करायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई सावरली. ती सावरली नव्हती. अडकून पडली होती, आणि हे बुद्धभूषणला गोरक्षमुळे कळलं.

गोरक्ष मनीषाचा धाकटा भाऊ. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा आहे, झेंडू आणि शेवंती लावतात. नाशिकरोडहून सिटीबस बदलून तासाभरात पोहोचावं एवढंच अंतर, पण मनीषाने बुद्धभूषणशी लग्न केलं त्या दिवसापासून ते तुटलेलं. मळ्यातल्या माणसांच्या मते ती नुसती जातीबाहेर गेली नव्हती, ‘तिकडं’ गेली होती, आणि तिकडं म्हणजे कुठं हे त्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सृष्टीच्या जन्माला तिथून कुणी आलं नाही. ती गेल्यावर मात्र गोरक्ष आला. मग येतच राहिला. मार्केटला फुलं टाकून परत जाताना पिशवीत मेथी-वांगी घेऊन यायचा, पलंगाच्या अगदी कडेला टेकायचा, चहा घ्यायचा. बुद्धभूषणला ‘अहो’ म्हणायचा. दाजी म्हणायचा नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो म्हणाला, “ताई, आई थकली आता. उठता-बसता तुझं नाव घेती. तिला सांग ये म्हणती. मागचं कुणी काय काढायचं नाय.”

“आम्ही दोघं?” मनीषाने विचारलं.

गोरक्षने कपातला चहा नुसताच हलवला. “तू ये. तुझी खोली तशीच हाय. कायमची ऱ्हायली तरी कुणी काय बोलणार नाय.”

बुद्धभूषण तिथेच दोन हातांवर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटायचं तो विसरला.

“कशी येऊ?” मनीषाने काचेच्या पेटीकडे हात केला. “यांचं कोण बघणार? मळ्यात तो गार वारा. रस्त्यात हिसके बसले तरी संपतील. हे आहेत तोवर मला नाही जमायचं.”

“खेकड्यापायी?”

“हो.”

नवऱ्यापायी, असं ती म्हणाली नाही आणि गोरक्षलाही तसं विचारायचं सुचलं नाही. बुद्धभूषणला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर वाईटापेक्षा हायसंच जास्त वाटलं. हे आहेत तोवर, म्हणाली होती. बुडत्याला काडीचा आधार असतो, याला खेकड्याचा मिळाला.

जाऊ नकोस, एवढं तो तिला सरळ म्हणू शकला असता. त्याने कधी म्हटलं नाही. म्हटलं तर ती ‘का?’ विचारेल अशी भीती होती, आणि त्यावर द्यायला त्याच्याकडे सृष्टीशिवाय दुसरं उत्तर नव्हतं. म्हणून बायकोला घरात ठेवायचं काम त्याने मनातल्या मनात सरांवर सोपवलं. ऑफिसातून आला की चप्पल काढायच्या आधी तो पेटीत डोकावू लागला.

आणि आता सरांचं दार लागत नव्हतं.

मासेवाल्याच्या दुकानात शंख होते, पण निळे-गुलाबी रंगवलेले, एकावर तर कार्टूनचं तोंड. मोबाइलवरून मागवला, तोही रंगवलेलाच आला. मनीषाने तो नखाने खरवडून बघितला आणि परत खोक्यात टाकला. “रंग खरवडून खातात ते. पोटात जातो.” बुद्धभूषणने मुंबईच्या एका मित्राला सांगून ठेवलं. मित्राने हसण्याचं चित्र पाठवलं आणि विषय संपवला. नाशिकला नदी आहे, कुंड आहेत, धरणं आहेत, समुद्र तेवढा नाही. इथे रंग न लावलेला शंख कुठे मिळणार?

मग त्याला एकदम सुचलं, आणि आधी का सुचलं नाही याचं हसूही आलं. अख्ख्या महाराष्ट्रातून शंख घ्यायला लोक नाशिकला येतात.

हाफ डे टाकून तो पंचवटीत गेला. रामकुंडाकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. रुद्राक्षाच्या माळा, कवड्या, पितळी घंटा, गोदावरीचं पाणी भरून न्यायचे तांब्याचे गडू. जन्म नाशिकमध्ये गेला तरी या दुकानांची पायरी तो कधी चढला नव्हता. लहानपणी वडील, सहादू, त्याला इकडे आणायचे ते काळाराम मंदिराचा सत्याग्रह कुठे झाला हे दाखवायला. घरी देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, पुढे मेणबत्ती, संपलं. शंख ही वस्तू त्याने टीव्हीवरच्या मालिकांत तेवढी वाजताना बघितली होती.

दुकानात एक बाई शेंदराच्या पुड्या बांधत होत्या.

“शंख आहेत का? लहान हवाय. लिंबापेक्षा जरा मोठा.”

“वाजवायचा का पूजेचा?” बाईंनी पुडीवरून नजर न काढता विचारलं.

शंखांतही जाती असतात, हे त्याला नवीन होतं. तो गोंधळला. खेकड्याला राहायला हवाय, असं इथे सांगायची सोय नव्हती. देवाची वस्तू आणि तिच्यात खेकडा म्हटल्यावर बाईंनी हातातला शेंदूर त्याच्याच डोक्यात घातला असता. राहिला प्रश्न दोनांतून एक निवडण्याचा. पूजेचा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण जीभ वळेना. कुणी बघत नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, आणि शंख जाणार होता वाळूच्या पेटीत. तरी वडिलांनी लहानपणी उभं करून म्हणून घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा गळ्यात कुठेतरी आडव्या आल्या. वाजवायचा म्हटलं की त्यात देव येत नव्हता. पेटी-तबल्यासारखंच काहीतरी झालं ते.

“वाजवायचा,” तो म्हणाला.

बाईंनी टोपली पुढे ढकलली. त्याने खिशातून पट्टी काढून एकेका शंखाचं तोंड मोजायला सुरुवात केली, तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. त्यातल्या त्यात गोल तोंडाचा एक त्याला आवडला. पांढराशुभ्र, आतून गुलाबीसर. शेंडा सपाट कापून घासलेला होता, मधल्या खाचेत पॉलिशची भुकटी भरली होती. पोराबाळांना टोचू नये म्हणून शेंडा कापत असतील, असं त्याने स्वतःचं समाधान केलं.

“वाजवून दाखवू?”

“नको, नको.”

“अहो, वाजवून घ्यावा माणसानं. घरी जाऊन म्हणाल, आवाज निघत नाही.”

“निघेल,” बुद्धभूषण म्हणाला आणि शंख रुमालात गुंडाळून बाहेर पडला. गल्ली चढताना त्याला शीळ घालावीशी वाटत होती.

मनीषा कणीक मळत होती. हात धुऊन आली, पदराला पुसले, आणि शंख घेतला. आधी तोंड बघितलं. मग तळहातावर उलटा केला आणि शेंड्यावरून अंगठा फिरवला.

“दुकानात काय सांगितलंस?”

“काय सांगणार? शंख द्या म्हटलं.”

तिने पुन्हा अंगठा फिरवला. त्याला वाटलं, आता काहीतरी खोट काढणार. शंख महाग पडला, रंग दिलाय, तोंड वाकडं आहे, काहीही.

“छान आहे,” ती म्हणाली.

तिनेच तो समुद्राच्या मिठाच्या पाण्यात उकळला, निववला आणि पेटीत सरांच्या वाटेवर ठेवला. बुद्धभूषणने ऑफिसात कळवलं की उद्या उशिरा येईन. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, घर बदलायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीत आलं तेव्हा सर नव्या शंखाशी पोहोचले. त्यांनी तो मिश्यांनी चाचपला. एक पाय आत घातला, मग नांगी घातली, आतून भिंती तपासल्या. भाड्याची खोली बघायला आलेला माणूस जसा नळ सोडून बघतो, भिंतीवर टकटक करतो, तसं सगळं सावकाश चाललं होतं. नवरा-बायको पेटीसमोर गुडघ्यांवर बसले होते, दोघांच्या श्वासाने काच धुरकट झाली होती. आणि मग निमिषभरात झालं. सर जुन्यातून निघाले, त्यांचं गुलाबी, वळलेलं, अगदी उघडं अंग एकदाच दिसलं आणि नव्या शंखात उलटं शिरलं. नांगी आत गेली. दार लागलं.

“अगं बाई!” मनीषा म्हणाली. तिने बुद्धभूषणची बाही घट्ट धरली होती.

तिच्या हाताला कणकेचा वास येत होता. किती दिवसांनी तो एवढ्या जवळून आला होता. बुद्धभूषणला रडू यायला लागलं, आनंदाने, आणि ते दिसू नये म्हणून त्याने काच पुसायला घेतली. ती राहील, असं त्याला त्या सकाळी अगदी खात्रीने वाटलं. हे खेकडे नीट सांभाळले तर वर्षानुवर्षं जगतात, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. वर्षानुवर्षं कमी नसतात. तेवढ्यात माणसाला पुन्हा माणसाची सवय होऊ शकते.

मनीषाने जुना शंख पेटीतून उचलला आणि सृष्टीच्या हातरुमालात बांधला.

“राहू दे ना आत,” तो म्हणाला. “जुना जवळ ठेवावा म्हणतात. कधी परत जावंसं वाटलं तर.”

“हा पोरीच्या हातचा आहे. मी ठेवते.”

रुमालाची गाठ कपाटात गेली.

चार दिवस बरे गेले. मग सर खाऱ्या पाण्याच्या वाटीत जाऊन बसले, ते तिथेच. बाहेर काढून ठेवलं तर पुन्हा वाटीकडे सरकायचे, तिथे पोहोचायचे आणि निपचित पडायचे. खोबऱ्याला तोंड लावेनात. बुद्धभूषणने पेटीतला हवेचा काटा बघितला, दमटपणा जागच्या जागी होता. बल्ब बदलला. स्पंज भिजवून आणखी एक ठेवला. वाळूवर पाणी शिंपडलं. बाहेर थंडीने कहर केला होता. निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटत होत्या, घड वाचवायला लोक जागत होते, आणि हा इथे नाशिकरोडला खेकड्याच्या पेटीला गरम पाण्याच्या पिशव्या लावत होता.

“कात टाकायची असेल,” तो म्हणाला. “त्याच्या आधी असे मंद होतात.”

“असेल,” मनीषा म्हणाली.

ती सगळं पूर्वीसारखंच करत होती. दोन वाट्या, अंडं, सोडे. कशातही हयगय नव्हती. फक्त पेटीसमोर बसायची ती आता बसत नव्हती. काम झालं की काच सरकवून आत निघून जायची.

त्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, “खेकडा? पाळलाय?” आणि मग पलीकडे कुणालातरी काहीतरी सांगून हसले. दुसऱ्यांनी निदान हसू दाबलं.

“जुना शंख ठेवून बघू का?” एका सकाळी त्याने न राहवून विचारलं.

“जुन्यात मावत नाहीत आता.”

ते खरंच होतं. मापं तर त्यानेच घेतली होती.

संक्रांत झाली. शेजारणीने दिलेला तिळगूळ वाटीत तसाच पडून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धभूषण उठला तेव्हा सर शंखाबाहेर, वाळूवर आडवे होते. उघडे. नव्या शंखाकडे पाठ करून. इतकं मऊ अंग असं उघड्यावर टाकून हा प्राणी फक्त मरायच्या वेळी बाहेर येतो, हे त्याला माहीत होतं, तरी त्याने बोटाने मिशी हलवून बघितली. मग पुन्हा बघितली.

मनीषा मागे येऊन उभी राहिली.

“गेले,” ती म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही, रडली नाही. कॉलनीच्या बागेत जास्वंदीखाली खड्डा तिनेच केला, दोघांनी मिळून माती लोटली. वर आल्यावर तिने हात धुतले आणि फोन लावला. “गोरक्ष, उद्या मार्केटवरून जाताना ये. हो. गाडीत जागा ठेव.” बुद्धभूषण दुसऱ्या खोलीत होता, पण दोन खोल्यांच्या घरात दुसरी खोली ती कितीशी दूर असणार?

त्याला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून त्याने पेटी रिकामी करायला घेतली. वाट्या घासल्या. स्पंज पिळले. मग शंख धुवायला नळाखाली धरला. तोंडापर्यंत भरायचा आणि ओतून टाकायचा, एवढंच काम. पण शंख भरेना. पाणी वरून पडत होतं आणि त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, बाही भिजत होती. त्याने नळ बंद केला. शंख उलटा केला. उकळताना भुकटी निघून गेली होती, आणि शेंड्यातून, बारीक गोल भोकातून, खिडकीतला उजेड दिसत होता.

वाजवायचा म्हणजे फुंकायचा. फुंकायचा म्हणजे आरपार. एवढी साधी गोष्ट. घोटभर पाणी धरून जगणाऱ्या जिवाला त्याने गळकं घर आणून दिलं होतं. सर वाटीत जाऊन का बसत होते ते आता कळलं. ते भरून घेत होते, आणि ते गळून जात होतं. आणि कुठल्या शब्दावरून हे झालं? ‘पूजेचा’ म्हटलं असतं तर बाईंनी धड, मिटल्या शेंड्याचा शंख दिला असता. बुद्धभूषणला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

शंख कचऱ्यात टाकून गप्प बसता आलं असतं. पण त्याला वाटलं, सांगावं. सांगितलं तर ती भडकेल, शिव्या देईल, एवढंही कळलं नाही का तुला, म्हणून ओरडेल. ओरडली तर निदान तेवढा वेळ ती या घरातली असेल. त्याची आशा आता इथवर येऊन ठेपली होती.

मनीषा आतल्या खोलीत पलंगावर साड्या काढून बसली होती. पलंगाखालची बॅग वर आली होती.

“माझ्यामुळे मेले ते,” तो म्हणाला. त्याने शंख पुढे धरला. “शेंड्याला भोक आहे. दुकानात विचारलं होतं, वाजवायचा का पूजेचा. मला काही कळलं नाही. मी वाजवायचा म्हटलं. पाणी राहतच नव्हतं आत.”

तिने शंख हातात घेतला नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही.

“माहितेय,” ती म्हणाली.

“काय माहितेय?”

“भोक. आमच्याकडे मळ्यात सकाळी पूजेची भांडी उजळायचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही शंख होते देव्हाऱ्यात. तू आणलास तेव्हा हात लावल्याबरोबर कळलं.”

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

ती उठली. पलंगावरची सुती साडी तिने झटकली, एका बाजूचे काठ जुळवले.

“बोलले असते, तर तू दुसरा आणला असतास.”

आणला असता. दुसऱ्याच दिवशी, हाफ डे टाकून, आणि या वेळी त्याने ‘पूजेचा’ हा शब्दही उच्चारला असता. साडी मोठी होती, खळीने कडक झालेली, एकटीला घडी घालता येत नव्हती. मनीषाने दुसरी दोन टोकं त्याच्यापुढे धरली. त्याने शंख पलंगावर ठेवला, टोकं घेतली, दोन पावलं मागे सरकला, आणि साडी ताणून धरली.